किसनरावांचा दोन ओळींचा पत्ता

(अमरावती, राजापेठ. अरीबचं सायबर कॅफे. भारनियमनाच्या वर्षांतली एक दुपार. सध्या वीज आहे.)

किसनराव : …मंग कॉम्प्युटरच बिघडला असंन. पाह्य ना बाप्पा नीट.

अरीब : काका, कॉम्प्युटर एकदम चंगा हाये. सारी दुनिया खुलून राहिली. तुमचं वधूवर मंडळ बी खुलून राहिलं. लोकच येऊन नाई राहिले.

किसनराव : असं कसं येऊन नाही राहिले? कौंडण्यपूरच्या यात्रेत मी सोता उभा राहून कागद वाटले. चहावाल्याले दिला, फुगेवाल्याले दिला. एका म्हातारीनं माह्यासमोर त्यात चिवडा बांधला. म्या म्हटलं, बांध माय, चिवड्यासंगं घरी तं जाईन.

अरीब : हे पाहा, इथं गिनती येते. कितीजनानं पान पाह्यलं त्याची. यातून तुमाले वजा केलं तर मी उरतो.

किसनराव : म्हंजे मीच आलो आन मीच गेलो.

अरीब : हौ. आन दर बार याच खुर्चीवरून.

किसनराव : जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली, पन एवढी रिकामी गाडी पाह्यली नाही बावा. खेड्यातली शेवटची फेरी असली तरी एखादा कोंबडीवाला राहेच.

अरीब : अब्बा सांगते ना. म्हनते, मी गाडी हाकत होतो आन किसनराव मानसं दाबत होता.

किसनराव : नबीभाईची गाडी हाये म्हनून लोक बसत. आता त्याच्या पोराले मी साइट कराले लावली, तं एक मानूस चढून नाही राहिला. काय म्हनून राहिला मंगाशी तू? पत्त्याचं काय?

अरीब : बुरा नोका मानू. पत्ता लय मोठा हाये.

किसनराव : मोठा कसा? सविस्तर हाये.

अरीब : बरं. सविस्तर तं सविस्तर. एक बार मोठ्यानं वाचा. मधात दम नाई घ्याचा.

किसनराव : त्यात काय हाये? डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू डॉट वऱ्हाड प्रांतिक सर्वसमाज उपवर युवक युवती परिचय व मार्गदर्शन मंडळ डॉट कॉम… मंग रेघ… स्वर्गीय गोदाबाई स्मृतिप्रीत्यर्थ… रेघ… अध्यक्ष नत्थुजी… रेघ… ओमप्रकाशजी यांच्या सौजन्याने… रेघ… पानी हाये का रे तुह्याकडं?

अरीब : घ्या. अजून तुमचा पोरगा ललित आलाच नाई. त्याचं पान याच्याही मागं. क्वेश्चन मार्क, मंग आयडी बराबर करून आकडे, मंग अजून काहीबाही. थे आकडे माही गलती हाये, माह्या प्रोग्राममधून आपोआप पडते. पन बाकीची बरात तुमची.

किसनराव : अबे, पन तू करून देताना का नाही म्हटलं?

अरीब : म्हटलं होतं. डॉटच्या अगोदर नाव विकनारी कंपनी ठरावीकच अक्षरं देते, म्हटलं, आपन भरली. तुमी म्हटलं, मंग डॉटच्या मागं बसव, पन कोनी खाली राह्यलं नाई पायजे.

किसनराव : कंडक्टरची जीभ हाये, काय करू? सरका सरका म्हन्याची सवय. आन तुले सांगू, नाव राह्यलं का काय होते थे म्या भोगलं हाये. शालूच्या लग्नात पत्रिकेत नत्थुजीचं नाव राह्यलं. थो मांडवाबाहेर खाट टाकून बसला. जेवला नाही, पानी पेला नाही. नवरदेव सोडून आमी सारे त्याचीच मनधरनी करून राहिलो. तवापासून मी कुठंही काही छापतो तं पह्यले रुसनाऱ्यायचे नावं टाकतो.

अरीब : पन काका, ही पत्रिका नाई. पत्रिका मानसानं वाचाची राहते. हे टाइप कराचं राहते, एकेक बोट मारून.

शालू : बाबा! इथं बसले का तुमी? घरी गेली तं कुलूप. फोन लावला तं बंद.

किसनराव : अवं शालू! तू अकोल्याहून कवा आली? फोन चार्ज नाही वो. सकाळपासून लाइन कुठं होती आमच्याकडं?

शालू : आत्ता उतरली गाडीतून. अरीबभाऊ, एक खुर्ची द्या. आन बाबा, तुमी बसूनच राहा, उठू नोका. माधवीचं सांगाले आली मी.

किसनराव : पाह्यला का त्यायनं आपल्या ललितचा फोटो? काय म्हटलं उत्तमरावनं?

शालू : काय म्हनतीन? पोचलेच नाही थे. अरीबभाऊ, तुमाले माहीत नसंन. माधवी म्हंजे आमच्या शेजारची पोट्टी. माती तपासनीच्या ऑफिसात हाये. आपल्या ललितसाठी मी तिच्यामांगं सहा महिने लागली. ती म्हने, मले चहापोह्याचा तमाशा नाही पायजे. तुह्या भावाचं काय हाये थे पह्यले दाखव, मंग मी बाबाले सांगतो. म्या तुमचा कागद दिला. म्हटलं, याच्यावर पत्ता हाये, पाह्य.

किसनराव : बरोबर केलं.

शालू : काय बरोबर? रविवारी बाप-लेक दोघं सायबर कॅफेत गेले. तुमचा पत्ता कागदावर दोन ओळीत छापला हाये. त्यायनं पह्यली ओळ टाकली. त्यायले काय माहीत का खाली अजून शेपूट हाये? थे म्हने, असं पान नाही.

अरीब : या अल्ला.

शालू : मंग माधवीच्या ध्यानात आलं. दोन्ही ओळी टाकाले बसली. उत्तमराव बाजूले उभे राहून बोट ठेवून वाचून राहिले. टाकत टाकत नत्थुजीपर्यंत आली, आन लाइन गेली.

किसनराव : नत्थुजीपाशीच गेली?

शालू : नत्थुजीपाशीच. उत्तमराव म्हने, ज्या घरचा पत्ताच एवढा लांब, तिथं माही पोट्टी कवा पोचीन? आन घरी येऊन पुन्याच्या कंपनीतल्या पोराले होकार कळवला. पाहाले याचा. थे लोक आज संध्याकाळी येऊन राहिले.

किसनराव : आज?

शालू : आज. माधवीनं मले सकाळी फोन केला. म्हने, पाचले बाबा मले घ्याले ऑफिसात येते. तिथं कॉम्प्युटर हाये. त्यायले घरी जाच्या अगोदर एक बार दाखवतो. पन असं काही सांग का फोनवर एकदा आयकलं का ध्यानात राहीन. साहेब समोर बसून राहते, लिहून घ्याले जमत नाही.

अरीब : मेल करून देऊ ना, ताई.

शालू : साहेबानं ऑफिसात मेल बंद करून ठेवली हाये. म्या मेसेज करून पाह्यला. तुमचा पत्ता एका मेसेजात बसला नाही, बाबा. तुकडे झाले. आन दुसरा तुकडा पह्यल्याच्या अगोदर पोचला. तिले वाटलं कोनाच्या तेरवीचा निरोप हाये. स्वर्गीयपासून चालू झाला ना.

किसनराव : हास. हास तू अरीब. मीही हासलो असतो, माह्या घरचं नसतं तं. एकच पोरगं, तिशी ओलांडली. तीन ठिकाणी बोलनं झालं, तीनही मोडले. चौथी सोता होऊन म्हनून राहिली का दाखव. आन मी तिच्या वाटेत नत्थुजी आडवा टाकून ठेवला.

अरीब : वेळ हाये, काका. नवीन नाव घेऊ आपन, छोटं. सुरू व्हाले कधी दहा मिनटं लागते, कधी रात निघून जाते, थे नशिबाचं. पन नाव सांगा लौकर. इकडची लाइन बी जानार हाये.

किसनराव : छोटं म्हंजे केवढं?

अरीब : असं का पानठेल्यावर उभ्या मानसानं एकदा आयकावं आन घरी जाऊन बायकोले सांगावं. आन नावातच समजावं का आत काय हाये.

किसनराव : अरे…

शालू : काय झालं बाबा?

किसनराव : काही नाही. सोताच्या थोबाडीत मारावी वाटली. गाडीवर बोर्ड कोन लावे? मीच ना? काय राहे त्याच्यावर? अमरावती अकोला. बस. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव नाही लिहिलं कधी. ड्रायव्हर नबीभाई यांच्या सौजन्याने नाही लिहिलं. तरी गाडी भरे. आन रिटायर झाल्यावर सोताच्या गाडीले असा बोर्ड लावला का थो वाचेपर्यंत गाडी निघून जाईन.

अरीब : माहं सांगू काका? माह्या दुकानाचा बोर्ड पाह्यला ना? अल-अरीब इंटरनॅशनल कॉम्प्युटर अँड झेरॉक्स अँड पासपोर्ट फोटो. रंगवनाऱ्यानं भिंतीवर जागा संपली म्हनून फोटो शटरवर काढला. शटर वर केलं का फोटो गायब. आन पब्लिक काय म्हनते? नबी ड्रायव्हरच्या पोट्ट्याचं दुकान. कोनाले अडचन नाई, सारे पोचते.

शालू : मंग काढा एकेक. ओमप्रकाशजी काहून हाये याच्यात?

किसनराव : त्यानं उद्‌घाटनाले खुर्च्या देल्या.

शालू : खुर्च्या वापस केल्या ना?

किसनराव : केल्या.

शालू : मंग नावही वापस करा. अरीबभाऊ, काढा. नत्थुजी?

किसनराव : थो रुसंन.

शालू : रुसू द्या. लग्न जमलं तं पत्रिकेत सर्वात वर टाकू त्याले, गनपतीच्याही वर. वऱ्हाड प्रांतिक?

किसनराव : काढ. मी काय प्रांताचा ठेका घेतला?

शालू : परिचय व मार्गदर्शन?

किसनराव : मले मार्गदर्शन कोन करते थेच समजून नाही राहिलं. काढ.

अरीब : बाकीचं बी उडवलं. आता फक्त गोदाकाकू राहिली, काका. तिच्यावर मी हात नाई लावत. तुमी सांगा.

शालू : बाबा, आईले फोटोत उभं राहा म्हटलं तं काय करे ती?

किसनराव : कोनाच्यातरी मांगं लपे. तुह्या लग्नाच्या साऱ्या फोटोत तिचा निस्ता पदर हाये. जाता जाता म्हने, माह्या ललितचं तेवढं पाहा. तिचं नाव टाकलं तं वाटलं, तिनं सांगतलेलं करून राहिलो मी. तिच्यासाठी लय वाईट वाटते वो शालू. पन नावानं काही होत नाही. काढा. ती असती तं तिनं पह्यले सोताचंच काढलं असतं.

अरीब : काढलं. आता पान कोरं हाये. काय टाकू? लाइफ पार्टनर असं काही टाकू का? इंग्लिशमध्ये शान राहते.

शालू : शान राहू द्या. नावात समजलं पायजे म्हटलं ना तुमीच? बाबा, सांगा. ललित काय करते?

किसनराव : व्यवसाय.

शालू : कोनता?

किसनराव : लिहिलं हाये ना त्याच्या पानावर, कागदावरही. नांदगाव पेठ औद्योगिक क्षेत्राजवळ व्यवसाय.

शालू : जवळ म्हंजे?

किसनराव : कंपाऊंडाले लागून.

अरीब : कंपाऊंडाच्या आत का बाहेर, काका?

किसनराव : आता तूही? बाहेर.

शालू : बाहेर काय हाये?

किसनराव : सोयाबीन.

शालू : आन?

किसनराव : थोडी तूर. धुऱ्याबांधावर. उलटतपासनी झाली का तुमची?

शालू : आपलं वावर हाये तिथं, बाबा. ललित शेतकरी हाये. एवढ्या लांब पत्त्यात तुमी खुर्च्या देनाऱ्याचं नाव टाकलं. शेतकरी एवढा एक शब्द कुठंच नाही. म्या रात्री कागद काढून पाह्यला. पह्यल्या ओळीत नाही, दुसऱ्या ओळीत नाही, खालच्या मजकुरात नाही.

किसनराव : हौ. नाही. मुद्दामच नाही टाकला. आता तूच काढला तं सांगतो. या एका शब्दावर चादर टाकाले म्या एवढे शब्द जमा केले. चादर एवढी मोठी झाली का मानसं त्याच्यातच अडकून पडले.

शालू : शरम वाटते का तुमाले त्याची?

किसनराव : शरम? त्याच्याएवढं नांगराचं सरळ तास आमच्या शिवारात कोनाचं पडत नाही. शरम नाही वो, भेव वाटते. पह्यल्या ठिकाणी म्या अभिमानानं सांगतलं, पोरगा शेती करते. समोरच्या बाईनं माह्या डोळ्यादेखत चहाचा कप उचलून नेला, अर्धा पेलेला. पेपरात रोज एका शेतकऱ्याचा फोटो येते, फुलाचा हार घालून. लोक शेतकरी म्हटलं का थो फोटो पाहते. पोट्टीवाल्यायचं तरी काय चुकते? शालू, तुले देताना मीही नोकरीवालाच पाह्यला.

शालू : हौ, पाह्यला. आन माधवीले सारं माहीत हाये, बाबा. कागद वाचल्याबरोबर तिनं मले इचारलं, औद्योगिक क्षेत्राजवळ म्हंजे वावर ना? तिच्याकडं साऱ्या जिल्ह्याची माती येते. ती म्हने, शेतकरी असल्याचं मले काही नाही, पन तुहा बाप लपवून काहून राहिला? जो लपवते त्याच्याकडं काहीतरी खोट असंन, असं माहे बाबा म्हनतीन.

किसनराव : माह्यातच खोट हाये. पोराची झाकाले गेलो, थी त्याच्यात नव्हतीच.

अरीब : काका, चार वाजून गेले.

किसनराव : शेतकरी टाकलं आन उत्तमरावनं तिथूनच खुर्ची मांगं सारली तं?

शालू : तं सारतीन. पन आत्ता तं थे पोचलेच नाही. पोचून नाही म्हटलेलं बरं का वाटेत अंधारात राह्यलेलं बरं?

किसनराव : तू आईवर गेली. बरं अरीब, टाक बाप्पा. शेतकरी. मंग… नवरा.

अरीब : शेतकरीनवरा?

किसनराव : लय उघडंनागडं वाटते का?

अरीब : नाई काका. मस्त हाये. पानठेल्यावर सांगता येते. थांबा, खाली हाये का पाहतो… हाये! हाये खाली. कोनीच नाई घेतलं.

किसनराव : कोन घेईन? असा शब्द घ्याले माह्यासारखाच अडलेला पायजे.

अरीब : घेतलं. डॉट इन. ललितचं पान त्याच्यामांगं, एक रेघ आन ललित. आकडेबिकडे सारे उडवले मी. थी माही गलती मीच साफ केली. पानावर काय लिहू?

शालू : बाबा, तुमी सांगा.

किसनराव : लिह. ललित किसनराव. शेती करतो. सोयाबीन, तूर. दोन बैल, चार शेळ्या. नांदगाव पेठजवळ. पुन्याले जाचा इचार नाही.

अरीब : पुन्याचं राहू द्याचं?

किसनराव : राहू दे. उद्या कोनी म्हटलं नाही पायजे का फसवलं. फोटो कोनता लावून राहिला तू? थो कोटवाला नोको. थो तुह्याकडूनच चढवला होता ना त्याच्या आंगावर? गळ्यावर काळी रेघ दिसून राहिली.

अरीब : मानतो ना मी. तवा मले कॉम्प्युटरवर कोटच तेवढा चढवता ये. लग्नाच्या साऱ्या पोट्ट्यायले तोच कोट चढवला मी. राजापेठेत एकाच कोटात बारा नवरदेव फिरून राहिले.

शालू : माह्या मोबाइलमध्ये हाये एक. शेळ्यायसंगं. हासून राहिला. हा लावा.

अरीब : लावला. आता पाहू… नाई खुललं. थांबा. अजून एक बार… नाई.

किसनराव : घाई नोको करू. गाडी लागली नाही फलाटाले.

अरीब : परत… खुललं! काका, खुललं! शेळी पह्यले आली, मंग ललित आला.

किसनराव : लाव शालू, फोन लाव तिले.

शालू : वाजून राहिला… माधवी? आयक. शेतकरीनवरा डॉट इन. पुढं रेघ, ललित… हौ. बस. एवढंच… नाही ना, खरंच एवढंच. शेपूट नाही… ठेव.

किसनराव : काय म्हटलं?

शालू : हासली. म्हने, आता माह्या मैत्रिनीलेही सांगता येईन. मंग म्हने, बाबा स्कूटर लावून राहिले, आन ठेवला.

अरीब : गेली लाइन.

किसनराव : इथली गेली. अकोल्याची?

शालू : त्यायची आज सकाळी गेली होती. आता रात्रीपर्यंत नाही जात.

किसनराव : म्हंजे तिकडं पाहून राहिले असतीन थे. आत्ता. आन इथं मी अंधारात. अरीब, दार उघड बावा, जीव घाबरून राहिला. वाचलं असंन का? शेतकरी शब्द तं वाचाच्या अगोदरच दिसते. मीच असतो उत्तमरावच्या जागी, तं काय केलं असतं? नाही, नोको. त्याचा इचारच नाही कराचा मी.

अरीब : पानी घ्या, काका.

शालू : बाबा, फोन. तिचाच हाये. हं, माधवी, बोल… काय?… बरं. बरं. थांब, इचारतो.

किसनराव : काय झालं? नाही म्हटलं ना? सांग, मी बसलेलो हाये.

शालू : नाही म्हटलं नाही. उत्तमराव अजून कॉम्प्युटरसमोरच बसून हायेत. पुन्यावाल्यायले त्यायनं फोन केला का आज नोका येऊ. आन थे इचारून राहिले, तुमच्या विहिरीले उन्हाळ्यात पानी राहते का?

किसनराव : …मार्चपर्यंत राहते म्हन. पुढं काही जोडू नोको.